तुम्ही विचारलंत म्हणून: माझा मुलगा गोळीनेच बरा झाला का?

औषधाचं नाव अमॉक्सिसिलिन, अँटिबायोटिक आहे. दहा दिवस. डोस वजनावर ठरतो, तो मला विचारू नका. नाव मी कधीच लपवलं नाही. माझा जीव जातो तो पुढच्या प्रश्नाने: "म्हणजे त्यानेच बरा झाला ना?" मालवणपासून सावंतवाडीपर्यंत ज्यांची मुलं अचानक डोळे मिचकावायला, मान झटकायला लागली, त्या आया कुणाकुणाकडून नंबर मिळवून हेच विचारतात. हो म्हटलं तर संध्याकाळी मेडिकल गाठतात. माहीत नाही म्हटलं तर वाटतं, बाई सांगायची नाही.

चतुर्थीत आमच्याकडे भजन होतं. मुलगा आठ वर्षांचा, झांज घेऊन बसला होता. थोड्या दिवसांपूर्वी घसा दुखून ताप येऊन गेलेला, एवढंच. आता मान उजवीकडे झटकत होती आणि घशातून 'हुं' निघत होतं. पोराने काय करावं? झटका आला की त्याच ठोक्यावर झांज मारायची! मान तालात, हुंकार तालात. पखवाजवाल्याला वाटलं, पोर रंगलंय. मला त्याचे डोळे दिसत होते. मग बुवांनी आलाप घेतला, झांजा थांबल्या, मान थांबेना. पोरं फिदीफिदी हसली. मुंबईहून आलेल्या चुलतसासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ह्येका भायरचा कायतरी लागला, गाऱ्हाणा घालूक होया." त्याने झांज खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. उसळ-पाव वाटताना कुठे दिसेना. मागच्या पडवीत हात धूत उभा होता. बोटांना सुरकुत्या पडल्या तरी म्हणे, "अजून नाय झाले."

गाऱ्हाणं घातलं. हो, घातलं, आणि दुसऱ्या दिवशी गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरही गाठलं. यातलं एक खरं आणि एक खोटं, असं मला कुणी सुनवू नये.

तिथल्या डॉक्टर बाईंनी त्याला स्वतःची दोन बोटं घट्ट धरून ठेवायला सांगितली, मग जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला. पकड सैल-घट्ट होत राहिली, जीभ आत पळाली, तर तो कोरिया, म्हणजे संधिवाताच्या तापातला (घशाच्या संसर्गानंतर सांधे-हृदय धरणारा ताप) झटक्यांचा आजार. तसं नव्हतं. हृदयाची इकोही नीट आली. घशाच्या स्वॅबमध्ये मात्र स्ट्रेप्टोकोकस (स्ट्रेप), म्हणजे घसा धरणारा जंतू, उगवला. एएसओ, म्हणजे रक्तातली या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारा आकडा, वाढलेला बघून मी म्हटलं, सापडलं! त्या म्हणाल्या, शाळकरी मुलांत तो पुष्कळदा वाढलेला असतो; संसर्ग होऊन गेला एवढंच त्यावरून कळतं.

'पँडास' हे नाव त्यांच्याकडूनच कळलं: स्ट्रेपच्या संसर्गानंतर मुलांत अचानक असे झटके किंवा पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखं वागणं सुरू होणं. डॉ. सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी 1998 साली अमेरिकेत अशा 50 मुलांची नोंद प्रसिद्ध केली होती. कल्पना अशी, की जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं चुकून मेंदूतल्या, शरीराच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावरच उलटतात. पुढे युरोपात टिक्स, म्हणजे असे आपोआप येणारे झटके-हुंकार, असलेल्या 700हून अधिक मुलांवर लक्ष ठेवलं, तर स्ट्रेपचा संसर्ग आणि टिक्स वाढणं यांचा संबंध सापडला नाही. मी लगेच म्हणते, पण ती आधीपासून टिक्स असलेली मुलं. माझा तर आठवड्यात बदलला! लगेच माझंच मन विचारतं, बाई, टिक्स आपोआप कमी-जास्त होतात, हेही तूच वाचलंस ना?

औषध संपता संपता मान शांत झाली. हात धुणं दिवाळीपर्यंत रेंगाळलं. शिमग्यात साधी सर्दी झाली, स्वॅबमध्ये काही नाही, आणि डोळे मिचकावणं परत आलं. तेव्हा अँटिबायोटिक दिलंच नाही. तेही गेलं. आता काय म्हणता?

आमचे हे ठाम आहेत, गोळीनेच. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाला हृदयाच्या झडपांसाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, मग आपल्यालाही का नको, हा त्यांचा मुद्दा. त्या मुलाला संधिवाताचा ताप येऊन गेलाय, तिथे इंजेक्शनचा उपयोग सिद्ध आहे. टिक्ससाठी तसा पुरावा नाही, असं मी म्हणते. तरी परवा पोरगा घसा खवखवतो म्हणाला, तेव्हा स्वॅबची बाटली आणायला यांच्याआधी मीच निघाले होते.