साहेब आधी काय विचारतात?

कंपनीची संस्कृती घडवणे हे मनुष्यबळ विभागाचे काम आहे, असा समज चाकणच्या कारखान्यांपासून हिंजवडीच्या आयटी कंपन्यांपर्यंत सर्वत्र आढळतो. मूल्यांचे फलक लागतात, वर्षातून एकदा सहल निघते आणि विषय मिटतो. एडगर शाइन या अमेरिकी अभ्यासकाचे म्हणणे मला अधिक पटते: वरिष्ठ रोज कशाकडे लक्ष देतात, अडचणीच्या वेळी कसे वागतात आणि बढती कोणाला देतात, यावरूनच माणसे काय ते ओळखतात.

भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होतो. सकाळच्या बैठकीत प्रमुखांचा पहिला प्रश्न 'काल किती नग गेले?' हा असे आणि रिजेक्शन, म्हणजे सदोष ठरलेले नग, वाढले की दुसरा, 'कोणी केले?' त्यामुळे बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, माप हुकलेले नग सदोष मालाच्या लाल क्रेटमध्ये न जाता चांगल्या मालात मिसळत, आणि रजिस्टरात रिजेक्शनपुढे शून्य लिहिले जाई. लिहिणारे सुपरवायझर लबाड नव्हते. खरे लिहिणाऱ्याचे काय होते, हे त्यांनी पाहिले होते. पुढे आलेले प्रमुख मात्र थेट मशीनपाशी जाऊन माप घेण्याच्या साधनाबद्दल, 'गेज शेवटचे कधी तपासले?' असे विचारू लागले. रजिस्टरातील रिजेक्शन एकदम वाढले आणि संचालक अस्वस्थ झाले. माझ्या मते कारखाना सुधारू लागल्याची ती पहिली खूण होती, पण आकडेच पाहणाऱ्यांना ते पटवणे अवघड असते.

कामगारच बेशिस्त आहेत, असे म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचे उदाहरण पाहावे. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केलेला तेथील कारखाना १९८४ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या भागीदारीत, टोयोटाच्या व्यवस्थापनाखाली पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच होते, युनियनही तीच. पण दोष दिसताच दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार आता कामगाराला मिळाला होता. गैरहजेरी घटली, गाड्यांचा दर्जा सुधारला. तरीही जनरल मोटर्सला आपल्या इतर कारखान्यांत हे रुजवणे दीर्घकाळ जड गेले, कारण दोरी बसवणे सोपे असते. ती ओढली गेल्यावर वरिष्ठांनी न चिडणे कठीण असते.

भोसरीतल्या त्या प्रमुखांनी पुढच्या अप्रेझलमध्ये बढती दिली ती मशीन थांबवतो म्हणून उत्पादन विभागाला नकोशा झालेल्या एका इन्स्पेक्टरला. कॅन्टीनमध्ये त्यावर आठवडाभर चर्चा चालली होती.