जुन्या डिझेलमध्ये साउंड डीकोडर: आधी मोटर सोडवा

पूर्वी निळ्या खोक्यात मिळायच्या त्या जुन्या अ‍ॅथर्न कंपनीच्या एचओ (१:८७ प्रमाणातल्या) मॉडेल रेल्वेच्या डिझेल इंजिनांत डीकोडर (रुळातून येणारे डिजिटल हुकूम वाचून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारं छोटं सर्किट) बसवायचा, तर निम्मं काम मोटरच्या पोटाखालीच असतं. एका रुळाची वीज चेसिसमधून येते आणि खालच्या ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्याची) क्लिप थेट त्या चेसिसला टेकलेली असते. ती तशीच राहिली, तर रुळावरची वीज डीकोडरच्या मोटर-आउटपुटात शिरते आणि डीकोडर गेलाच म्हणून समजा. मोटर काढा, क्लिपचे खाली आलेले काटे कापा, चेसिसवर कॅप्टॉन टेप (वीजरोधक, उष्णता सोसणारी पट्टी) लावा. मोटर परत बसवल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही ब्रश चेसिसशी तपासा. कुठेही बीप येता कामा नये.

जुन्या मोटरी वीज फार खातात. १२ व्होल्ट देऊन क्षणभर शाफ्ट धरा आणि अँपिअर मोजा. आकडा डीकोडरच्या क्षमतेपुढे गेला, तर आधी मोटर बदला.

तारा: लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या. नारिंगी आणि करडी मोटरला. इंजिन उलटं धावलं तर या दोघींची अदलाबदल करा. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी सामाईक प्लस. एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर लागतोच.

स्पीकर उघडा ठेवू नका. मागची लहर पुढच्या लहरीला खाऊन टाकते आणि डिझेलची घरघर डबा वाजवल्यासारखी ऐकू येते. मागे हवाबंद डबी हवी. फटी पांढऱ्या गोंदाने बुजवा.

आता बॅकअप, म्हणजे वीज क्षणभर तुटली तरी पुरणारा साठा. सांध्यावरच्या (गाडी रूळ बदलते तिथल्या) वीज नसलेल्या तुकड्यावर वीज तुटली की आवाज बंद पडतो आणि इंजिन पुन्हा 'स्टार्ट' होतं. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ०.२ अँपिअर भार, व्होल्टेज १३ वरून ७ वर येईपर्यंतचा वेळ धरा: जेमतेम ०.०३ सेकंद. २.७ व्होल्ट, १ फॅरडचे पाच सुपरकपॅसिटर एकापुढे एक जोडले की ०.२ फॅरड होतात आणि तोच भार सुमारे ६ सेकंद चालतो. पाचांची मर्यादा मात्र १३.५ व्होल्ट, डीकोडरच्या आतलं व्होल्टेज त्यापुढे जात असेल तर सहावा घाला.

चार्जिंगच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १एन४००७ डायोड, पट्टा निळ्या तारेच्या बाजूला. रेझिस्टर नसेल, तर सुरुवातीचा झटका कमांड स्टेशनला (रुळात वीज आणि हुकूम सोडणाऱ्या यंत्राला) शॉर्टसर्किट वाटतो. सुपरकपॅसिटर असतील तर रेझिस्टर २ वॅटचा घ्या: सुरुवातीला त्यावर जवळपास १.७ वॅट पडतात, पाव वॅटचा भाजून निघतो. कपॅसिटरचा प्लस याच वाटेने निळ्या तारेला, मायनस डीकोडरच्या ग्राउंड पॅडला. काळ्या तारेला मायनस समजण्याची चूक नेहमीची आहे. ती रुळाची तार.

सीव्ही २९ (डीकोडरमधली एक सेटिंग) मध्ये ६ असेल तर २ करा. अ‍ॅनालॉग मोड (साध्या डीसीवर चालण्याची सोय) चालू राहिला, तर सिग्नल तुटल्यावर काही डीकोडर साठवलेल्या विजेला डीसी समजून इंजिन सुसाट सोडतात. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग वाचण्या-बदलण्याच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही वाचले जात नसतील, तर कपॅसिटरची एक तार तेवढ्यापुरती काढा. तिथे छोटा प्लग आधीच बसवलेला बरा, नाहीतर दरवेळी सोल्डरिंग करावं लागतं.