अग्निशमन विभागाचा प्रभारी नेमताना : माझा अनुभव

आमच्या नगरपरिषदेचे अग्निशमन अधिकारी ३१ ऑक्टोबर २०१८ ला निवृत्त होणार होते. मी आस्थापनेवर लिपिक. नियमित अधिकारी लगेच मिळणार नाही हे दिसत होतं, म्हणून सप्टेंबर संपायच्या आतच अतिरिक्त कार्यभाराची टिप्पणी लिहून फाईल वर पाठवली.

ती एका टेबलावर अडकली. पहिला शेरा, 'ज्येष्ठता यादी जोडा.' जोडली. आठ दिवसांनी दुसरा, 'अर्हतेच्या साक्षांकित प्रती जोडा.' त्याही जोडल्या. मग तिसरा, 'संबंधिताची लेखी संमती घ्या.' तिन्ही कागद एकदम मागता आले असते! आजही आठवलं की डोकं तापतं. तुम्ही असं प्रकरण करणार असाल तर हे तिन्ही पहिल्याच दिवशी लावा, कोणी मागो न मागो.

मग तोंडी सूचना आली, "पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांकडे द्या ना, सहीपुरतं तर आहे." इथे मी अडून बसले. सहीपुरतं कसं? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत इमारतींची 'प्रपत्र ब' प्रमाणपत्रं येतात, म्हणजे तिथली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे असे दाखले. ती नुसती फाईलला लावायची नसतात. दवाखान्याचा जिना, गॅसचं गोदाम बघताना नेमकं काय बघायचं, हे शिकलेला माणूस हवा. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून सब-ऑफिसरचा कोर्स केलेला आमच्याकडे एकच होता, पण ज्येष्ठतेत तिसरा. वरच्या दोघांची नाराजी होईल, हीच खरी भीती होती. मी दोघांनाही जाऊन भेटले, आदेशाचा मसुदा वाचून दाखवला. 'या कार्यभारामुळे ज्येष्ठता वा पदोन्नतीचा हक्क सांगता येणार नाही' हे वाक्य ऐकल्यावर दोघांनीही हरकत नसल्याचं लिहून दिलं. ते वाक्य कधीही गाळू नका.

तोवर १ नोव्हेंबर उजाडला. बुधवारी, ७ तारखेला लक्ष्मीपूजन, आणि फटाक्यांच्या गाळ्यांच्या ना-हरकतीवर सही करायला कोणीच नाही. गाळेवाले माझ्याच टेबलापाशी येऊन उभे राहायचे. सोमवारी, धनत्रयोदशीला, संध्याकाळी आदेशावर सही झाली आणि मला अक्षरशः रडू आलं.

प्रभारी साहेब टेप घेऊन थेट मैदानात गेले. दोन गाळ्यांत ३ मीटर अंतर हवं. चार ठिकाणी ते कमी भरलं, ते गाळे त्यांनी त्याच रात्री हलवायला लावले.

राहिलंच, आदेशात 'तांत्रिक अधिकारांसह' हे शब्द घाला, नाहीतर ना-हरकतीवरची सही पुन्हा वादात सापडते. आणि कार्यभार यादी, म्हणजे ताब्यात द्यायच्या सामानाची यादी, निवृत्तीच्या आदल्या दिवशीच करून घ्या. आमच्या बंबावरचे दोन होज (पाण्याचे पाईप) कुठे होते, ते निवृत्त साहेबांना घरी फोन करून विचारावं लागलं.