ऑपरेशन झालं, मग पाय का हलत नाहीत?

"ताई, ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात. मग पाय का हलत नाहीत?" मी फिजिओथेरपिस्ट आहे. कण्याला मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक हे हमखास विचारतात. हातातला एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरलेला असतो. मणके सरळ रेषेत, दोन सळ्या, स्क्रू घट्ट बसलेले. त्यांचं विचारणं अगदी रास्त आहे.

पण एक्स-रेत दिसतं ते हाड. मेंदूचे संदेश शरीरभर नेणारा मज्जारज्जू त्यात दिसत नाही. मणक्यांच्या पोकळीतून जाणारा हा रज्जू करंगळीएवढा जाड आणि साधारण 45 सेंटीमीटर लांब असतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो, खाली उरतो नसांचा झुपका. रज्जूतून निघणाऱ्या नसांच्या एकूण 31 जोड्या. मानेतल्या तिसरी ते पाचवी या जोड्या श्वासाचा पडदा चालवतात, कमरेकडच्या पाय, अगदी खालच्या लघवी-संडास. मार बसतो तिथून खालचा संपर्क तुटतो, म्हणून तो मानेत बसला तर हातपाय दोन्ही जातात, पाठीत बसला तर हात वाचतात.

मोडलेलं हाड जुळून येतं. मज्जारज्जूतले तुटलेले तंतू तसे जुळून येत नाहीत. ऑपरेशननं कणा स्थिर होतो, दाब निघतो, पेशंटला लवकर बसवता येतं. हे फार मोठं काम आहे, पण आत किती तंतू शाबूत राहिले यावर पुढचं ठरतं. तेही सगळं पहिल्या फटक्यातच ठरत नाही. नंतर सूज येते, रक्तपुरवठा कमी पडतो. परांचीवरून किंवा आंब्याच्या झाडावरून पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून उचलतात, रिक्षात दुमडून बसवतात, तेव्हा मोडका मणका आणखी सरकू शकतो. याचा मला फार त्रास होतो, कारण हे टाळता येतं. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत मान-पाठ हलू देऊ नका.

प्रत्येक वेळी हाड मोडलेलंच असतं असंही नाही. मान आधीच झिजलेले आजोबा बाथरूममध्ये तोंडावर पडतात, मान मागे झटकते, एक्स-रेत फ्रॅक्चर नाही, तरी हात लुळे, पायांपेक्षाही जास्त. मणक्याच्या टीबीत तर अपघातच नसतो. पू साचून रज्जू दाबला जातो. तिथे औषधांनी, लागल्यास ऑपरेशननं दाब हटला की अनेक जण पुन्हा चालतात. दबलेला रज्जू आणि तुटलेला रज्जू, फरक इथे आहे.

हा फरक एक्स-रेत शोधू नका. पेशंटला डोळे मिटायला सांगून पायापासून वर पिन टोचत जातात. शेवटी गुदद्वाराभोवती टोचणं कळतं का, तिथला स्नायू आवळता येतो का, हे पाहतात. तिथे काही शिल्लक असेल तर इजा अपूर्ण, म्हणजे काही तंतू शाबूत, आणि सुधारणेची शक्यता बरीच जास्त. सुरुवातीला रज्जू धक्क्यात असतो, काही काळ बंद पडल्यासारखा, म्हणून ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. नातेवाइकांना बाहेर थांबवून ती होते, त्यामुळे तिचा निकाल कोणी विचारत नाही. संकोच करू नका, राउंडला डॉक्टर आले की आधी तेच विचारा.