तुम्ही विचारलेत म्हणून: दोषी नेहमी भांडवलदारच का?

"तुमच्या प्रत्येक व्यंगचित्रात दोषी भांडवलदारच का? हवामानाची वाट आपण सगळ्यांनीच लावली ना?" हा प्रश्न मला व्याख्यानानंतर, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडे असताना विचारला गेला आहे. तिथे देता न आलेले उत्तर इथे देतो.

व्यंगचित्रात 'आपण सगळे' काढता येत नाहीत; गर्दी काढली की ती पार्श्वभूमी होते, आरोपी होत नाही. प्रत्येकाने आपापला कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन जातो तो हिशेब, मोजावा, ही कल्पना घरोघरी पोचवली ती बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. उलट, 1988 नंतरच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी 71 टक्के कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्या केवळ 100 उत्पादकांशी जोडता येतात, असे 2017 च्या एका अहवालाने दाखवले. त्या यादीत कोल इंडियासारख्या सरकारी कंपन्याही आहेत आणि ते इंधन जाळतो आपणच, हे मला ठाऊक आहे. कृपया पुन्हा कळवू नये.

2019 च्या जुलैत मुंबईची मिठी नदी फुगली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातली माणसे हलवावी लागली, तेव्हा मी एका दैनिकासाठी चित्र काढले. मिठीकाठच्या खाजणावर भराव घालून उभ्या राहिलेल्या बीकेसीतला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातला, काचेचा टॉवर, त्याच्या तळघरातले पाणी पंपाने रस्त्यावर फेकणारा जाडजूड पाइप, त्या पाइपच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस, आणि त्याला दारातूनच कापडी पिशवी देत "पर्यावरण तुमच्याच हातात आहे" असे सांगणारा साहेब. सकाळी अंक उघडला तर पाइप गायब. रात्रपाळीत कुणीतरी तो संगणकावर पुसून तिथे लाटा ओढल्या होत्या, आणि त्याही माझ्या हाताच्या वाटत नव्हत्या. संपादकांना फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, चित्रात फार गर्दी झाली होती. आशय तोच आहे ना?" शेवटच्या पानावर पानभर गृहप्रकल्पाची जाहिरात होती, तिचा याच्याशी संबंध जोडू नका, हे त्यांनी मी न विचारताच सांगितले. दिवसभर वाचकांचे निरोप आले, बहुतेक मुंबईकरांच्या जिद्दीला सलाम करणारे. पाइप गेला तसा पाण्यात उभा केलेला माणूस कौतुकाचा विषय झाला, आणि साहेब दानशूर. तेव्हापासून मी आधी पाइप काढतो, माणसे नंतर.

तरुणपणी मी असा नव्हतो. अमेरिकी व्यंगचित्रकार थॉमस नास्टने 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या भ्रष्ट पुढाऱ्याला, बॉस ट्वीडला, डोक्याच्या जागी पैशांची थैली काढली होती. तीच थैली मी मुंबईतल्या शेठजींच्या मानेवर बसवत असे. तो तरुण आज म्हणेल की तू घाबरलास, म्हणून चेहरा सोडून पाइप काढत बसतोस. थोडे खरेही असेल. पण ट्वीड हा एक माणूस होता. आज मालक कुणाला म्हणायचे? 2015 पासून भविष्यनिर्वाह निधीचा काही हिस्सा निफ्टी आणि सेन्सेक्सच्या फंडांत जातो, म्हणजे माझ्या पगारातून कापलेली रक्कमही तेलाच्या आणि सिमेंटच्या शेअरांत फिरली असणार, आणि तरी त्यांतल्या एकाही कंपनीच्या सभेत मला कुणी खुर्ची देणार नाही. हे वाचून दाताचे डॉक्टर खूश होतील. त्यांना मी एवढेच म्हणेन की पाइपच्या कुठल्या टोकाला कोण उभे आहे, हा फरक तरीही उरतो. त्यावर तो तरुण म्हणेल, मग वरच्या टोकाचा माणूस ओळखू येईल असा काढ की. त्याला द्यायला माझ्याकडे अब्रुनुकसानीच्या खटल्याच्या खर्चाशिवाय दुसरे कारण नाही, आणि ते त्याला पटणारे नाही.