आमची वाटचाल : होल्डरमध्ये न बसणाऱ्या निगेटिव्हसाठी

सोलापुरात नवी पेठेत आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. रोल धुऊन घेणारी गिऱ्हाइके येईनाशी झाली तेव्हा डार्करूमच्या जागी आम्ही झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर मांडला. त्यासोबत आलेल्या प्लास्टिकच्या होल्डरांत ३५ मिलिमीटरची आणि १२० रोलची निगेटिव्ह नीट बसत. परंतु लोक घरातल्या जुन्या ट्रंकांतून घेऊन येत ते काही निराळेच असे. ४६ मिलिमीटर रुंदीच्या १२७ फिल्मचे चौकोनी तुकडे, ७० मिलिमीटर रुंदीच्या ११६ फिल्मच्या लांबट पट्ट्या, १९७२ साली आलेल्या ११० फिल्मच्या १३ बाय १७ मिलिमीटरच्या नखाएवढ्या चौकटी आणि काचेच्या क्वार्टर व हाफ साइज प्लेटा. सुरुवातीला आम्ही यांतल्या कित्येकांना परत पाठवले, याची खंत अजून वाटते.

निगेटिव्ह थेट काचेवर ठेवून पाहिली, तर तिची चकचकीत बाजू काचेला जिथे जिथे टेकली तिथे प्रकाशाच्या व्यतिकरणाने इंद्रधनुषी कडी उमटली आणि चित्रही मऊ आले, कारण आमच्या स्कॅनरचा फोकस काचेवर नसून तिच्या थोडा वर होता. तो नेमका किती वर, हे आम्हाला शेजारच्या मागवाल्या काकांनी दिलेल्या जेकार्डच्या कोऱ्या पुठ्ठ्यांमुळे समजले. चादरीच्या नक्षीसाठी भोके पाडायचे ते टणक, एकसारख्या जाडीचे पुठ्ठे. वडिलांनी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत टिपलेली नंदीध्वजांची, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांची, एक निगेटिव्ह आम्ही आधी एका, मग दोन, मग तीन पुठ्ठ्यांच्या उंचीवर ठेवून स्कॅन करत गेलो. चौथ्या पुठ्ठ्यावर, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरवर, मानकऱ्यांच्या बाराबंदीच्या बंदांच्या गाठी एकेक वेगळ्या दिसू लागल्या.

मग त्याच पुठ्ठ्यांच्या चौकटी कापल्या आणि कडेने शिरणारा उजेड चित्रावर धुके आणू नये म्हणून त्यांना बिनचमकीचा काळा रंग दिला. पहिल्या चौकटीने स्कॅनरच्या वरच्या टोकाची, दिव्याचा उजेड मोजून घेण्याची खाच झाकली गेली. प्रत्येक चित्रावर उभे पट्टे आले आणि यंत्रच बिघडले असे समजून आमचे दोन दिवस वाया गेले. सोलापूरच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे पत्र्याच्या डब्यात राहून पन्हाळीसारखी वळलेली फिल्म सपाट बसण्यासाठी वरून खरबरीत केलेली काच ठेवतो. तिचा खरबरीत पृष्ठभाग फिल्मकडे असला की कडीही उमटत नाहीत.

धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय कृष्णधवल निगेटिव्हवर चालत नाही, कारण त्यातली चांदी इन्फ्रारेड किरणही अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. म्हणून मऊ कुंचला, हवेचा फुगा आणि नंतर संगणकावर एकेक ठिपका हाताने काढणे, एवढेच उरते. एकदा एका काचेच्या प्लेटवरचे डाग समजून मी कापसाने जे पुसले, ते फोटोतले दोष हाताने झाकणाऱ्या जुन्या रीटचरने इमल्शनवर, म्हणजे चित्र धरणाऱ्या थरावर, शिसपेन्सिलीने केलेले काम होते. चित्रातल्या बाईंच्या गालावरची सावली भरून काढणाऱ्या त्या बारीक रेघा पुन्हा आणता आल्या नाहीत. मी गिऱ्हाइकाला खरे काय ते सांगितले; त्यानंतर इमल्शनच्या बाजूला आमच्याकडे कापूस लागलेला नाही.

खोक्यावर कितीही मोठा आकडा छापलेला असो, आमच्या फ्लॅटबेडमधून इंचाला साधारण २३०० बिंदूंपलीकडे खरा तपशील मिळत नाही, हे आम्ही करून पाहिले आहे. त्यामुळे आम्ही २४०० वर, १६ बिटमध्ये स्कॅन करतो. हाफ साइज प्लेटला ते भरपूर होते, पण ११० च्या नखाएवढ्या निगेटिव्हमधून जेमतेम १६०० बाय १२०० पिक्सेल हाती येतात. तिचा पोस्टकार्डाहून मोठा प्रिंट आम्ही देत नाही, आणि हे पैसे घेण्याआधी सांगतो.

चौकटींचा खण आता भरत आला आहे. प्रत्येकीवर खडूने माप लिहिलेले असते, आणि नवे माप आले की काकांकडे पुठ्ठा मागायला आम्ही अजूनही जातो.