दिवाळीला गावी जाण्याआधी
गेल्या भाऊबीजेला आम्ही औशाहून लातूरला परतलो, तेव्हा शेजारच्या घराचा कोयंडा उचकटलेला होता आणि भलेमोठे कुलूप मात्र त्याला तसेच लटकत होते. तेव्हापासून मी कुलपाआधी कोयंड्याचे स्क्रू तपासते. सणात दारापुढे रांगोळी नसली आणि ओट्यावर वर्तमानपत्रे साचली, की घर रिकामे असल्याचे कुणालाही कळते. म्हणून यंदा समोरच्या काकूंना रोज सडा-रांगोळी करून सांजेला पणती लावण्याची विनंती केली आहे. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले आहेत. बसस्थानकावर एसटीच्या दारात रेटारेटी सुरू असतानाच गळ्यातली पोत ओढली जाते, तेव्हा ती पदराखाली झाकावी आणि घाईतल्यांना खुशाल पुढे जाऊ द्यावे. काही घडलेच, तर ११२ वर आणि ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच फोन करावा. उशीर झाला, की खात्यातून गेलेली रक्कम रोखणे अवघड होते.